दूफीने घातलेली अट

दूफीचं पोट लहानपणापासून दुखत आलं होतं, आणि त्यावर कुठल्याच डॉक्टरकडे औषध नव्हतं. एजिसू गावातल्या घरात चारी बहिणी एका वाडग्याभोवती कंद कुटून केलेला फुफू खायला बसल्या की हिचं लक्ष स्वतःच्या घासाकडे कमी आणि बहिणीच्या, सेरवाच्या, बोटांत माशाचा केवढा तुकडा आला याकडे जास्त. आई म्हणायची, "ही माझ्या पोटातून बाहेर आली तीच शेजारणीच्या बाळाकडे बघत." सगळ्या हसायच्या. दूफी हसायची नाही, कारण त्यात हसण्यासारखं काय आहे हे तिला खरंच कळायचं नाही. सेरवाचा तुकडा मोठाच असायचा.

पुढे ती कुमासीच्या विद्यापीठात कॉम्प्युटर शिकली, वर्गात दुसरी आली, आणि पहिली आलेल्या मुलीशी तिने आजतागायत बोलणं टाकलं आहे. मग अदुमच्या बाजारात, मयताला जाताना नेसायच्या काळ्या-लाल कापडांच्या दुकानाच्या वर, दोन खोल्यांच्या एका कंपनीत तिला नोकरी लागली. कंपनीचे मालक अमान्क्वा. त्यांना सगळे वोफा म्हणत, म्हणजे मामा. ते कुणाचेच सख्खे मामा नव्हते, पण पगार उशिरा देताना मामासारखे प्रेमाने बोलत. वोफांची कंपनी लोकांना वेबसाइट बनवून द्यायची, शाळांना, चर्चना, औषधांच्या दुकानांना. नऊ वर्षं दूफी तिथे होती. वोफांचे गुडघे गेले होते आणि सेफ्वीकडचं त्यांचं कोकोचं रान त्यांना बोलावत होतं. ते गेल्यावर खुर्ची कुणाची, हा प्रश्न दूफीच्या मते प्रश्नच नव्हता.

आणि मग आला ओफोसू.

अक्राहून आला. एकोणतीस वर्षांचा, दात पांढरेशुभ्र, शर्ट कधी चुरगळलेला नाही. येताना पहिल्याच दिवशी सगळ्यांसाठी तळलेली केळी घेऊन आला, आणि दूफीला "दूफीताई, तुमच्याबद्दल फार ऐकलंय" म्हणाला. काय ऐकलं असेल या विचाराने तिला ती केळी पचली नाहीत. महिन्याभरात खालचा कापडवालासुद्धा वर येऊन "आमचा ओफोसू कुठाय?" विचारायला लागला. नऊ वर्षांत त्याने दूफीचं नाव विचारलं नव्हतं.

अशात मोठं काम आलं. कुमासीच्या शिवणकाम करणाऱ्या बायकांचा आणि शिंप्यांचा एक जुना संघ होता. प्रत्येक शिलाईच्या दुकानाची एक मॅडम, तिच्या हाताखाली शिकणाऱ्या चार-पाच मुली, शिकून झाल्यावर मुलींना समारंभाने दाखला. हा सगळा कारभार वेबसाइटवर आणायचा होता. संघाच्या अध्यक्ष मॅडम न्यार्को स्वतः जिने चढून आल्या, धापा टाकत बसल्या आणि म्हणाल्या, "वोफा, माझ्या बायकांना त्यांच्या फोनवर सगळं दिसलं पाहिजे. कोण कुणाकडे शिकली, कधी शिकली. उद्या एखादी लंडनला गेली आणि तिथे कुणी विचारलं, तर बोट लावून दाखवता आलं पाहिजे."

वोफांनी काम वाटून दिलं. लोकांना दिसतं ते सगळं, म्हणजे पडदा, रंग, बटणं, ओफोसूकडे. आणि पोटातलं, म्हणजे डेटाबेस, दूफीकडे. शेवटी म्हणाले, "या कामाचा सोहळा नीट पार पडू दे. त्या दिवशी सांगतो माझ्या किल्ल्या कुणाकडे जाणार ते."

दूफीने आपलं काम मन लावून केलं. एक टेबल मॅडमांचं, एक शिकणाऱ्या मुलींचं, एक दाखल्यांचं. प्रत्येक माणसाला त्याचा स्वतःचा नंबर, कारण नावावर भिस्त ठेवून चालत नाही; अदुमच्या रस्त्यात "अकोसुआ!" म्हणून हाक मारली तर निम्मा रस्ता मागे वळतो. मुलीच्या ओळीत तिच्या मॅडमचा नंबर, दाखल्याच्या ओळीत मुलीचा नंबर, असं एकाला एक बांधलेलं. एखाद्या मुलीने मध्येच दुकान बदललं तर जुनी मॅडम पुसली न जाता नवी तिच्या शेजारी लागेल, हेही तिने आधीच बघून ठेवलं होतं. एक मॅडम वारली तर तिच्या मुली निराधार होऊन यादीतून गळून पडणार नाहीत, हेही. काम सुंदर होतं. फक्त ते बघायला कुणी येत नव्हतं.

लोक बघायला येत ते ओफोसूच्या टेबलापाशी. त्याने पडद्याला केंटे कापडाची किनार लावली तर वोफा, कापडवाला, चहा देणारी बाई, सगळे गोळा. "वा! वा! जणू मागावरून उतरलंय!" दूफी आपल्या कोपऱ्यात काळ्या खिडकीत पांढरी अक्षरं टंकत बसायची. एकदा तिने वोफांना बोलावून टेबलं दाखवली. वोफांनी चष्मा वर केला, खाली केला आणि म्हणाले, "छान आहे हो. हे काय आहे?"

घरी ती आईजवळ फणफणली. म्हातारी आता तिच्याकडेच राहत होती. "नुसते रंग फासतो तो! भिंती मी उभ्या केल्या आणि सगळे पडद्यांचं कौतुक करतायत."

"मग तूही पडदा लाव की एखादा," आई म्हणाली. "आणि जरा शांत हो. तुझ्या डोक्यावर आत्ता पातेलं ठेवलं तर मक्याचे केंके उकडून निघतील."

मग तो दिवस आला. ओफोसू सकाळी सकाळी खुर्ची ओढून तिच्याजवळ बसला. त्याचे डोळे चमकत होते. "ताई, रात्री एक गंमत सुचली. आपल्याकडे माणूस ज्या वारी जन्मतो त्या वारावरून त्याचं पहिलं नाव, घराण्यातलं नाव मागाहून, बरोबर? मग बाईने नुसती जन्मतारीख टाकायची, आणि पडदा स्वतःच वार ओळखून तिला नावाने हाक मारेल. बुधवारची असेल तर 'या, अकुआ!' शनिवारची असेल तर 'या, अमा!' कशी वाटते?"

कल्पना चांगली होती. एवढी चांगली, की दूफीच्या छातीत कुणीतरी मिरची वाटल्यासारखं झालं. ही गोष्ट आपल्याला का सुचली नाही, हाच विचार तिच्या मनात पहिला आला.

"आणि पुढे ऐका," ओफोसू म्हणाला. "नाव एक आणि तारखेचा वार दुसराच, असं झालं तर डेटाबेसने ते घेऊच नये. तुम्ही तशी अट घाला. म्हणजे खोटी माहिती दारातूनच परत."

दूफीने तोंड उघडलं.

कारण तिला लगेच तिची आई आठवली. आईचं नाव 'या', म्हणजे गुरुवारी जन्मलेली. पण तिच्या कागदावरची तारीख रविवारची. ती तारीख तिला शाळेच्या मास्तरने दिली होती. तेव्हा पोराला डोक्यावरून हात फिरवून पलीकडच्या कानाला बोटं लावता आली की मास्तर त्याला शाळेत घेई आणि मनाला येईल ती जन्मतारीख वहीत टाकून देई. आईच्या वयाच्या बायकांत खरी तारीख माहीत असलेली बाई शोधावी लागेल. तारीख कुणाचीच खरी नाही, खरा तो वार, कारण तो आईने हाक मारून मारून पक्का केलेला. शिवाय ज्यांना आजी-आजोबांचं अख्खं नाव ठेवलं, त्यांचा वार तर आजीचा. ओफोसू अक्राच्या इस्पितळात जन्मला होता, जन्माच्या कार्डासकट. त्याला हे कुठून ठाऊक असणार?

हे सगळं दूफीच्या जिभेवर आलं होतं. तेवढ्यात वोफा मागून आले, त्यांनी ऐकलं होतं. त्यांनी ओफोसूच्या पाठीवर एवढी जोरात थाप मारली की त्याचा फोन पडला. "काय डोकं आहे रे पोराचं! नऊ वर्षं मी वाट बघत होतो असलं कुणीतरी या जिन्यावरून वर येईल म्हणून!"

नऊ वर्षं. दूफी त्या जिन्यावरून नऊ वर्षं रोज वर येत होती.

तिने तोंड मिटलं. "घालते अट," ती म्हणाली.

आणि घातली. पडद्यावर नुसती सूचना देऊन भागलं असतं, पण तिने अट थेट डेटाबेसच्या उंबऱ्यावर ठोकली, अशी की नाव आणि वार जुळल्याशिवाय ओळ आत जाणारच नाही, पडद्याने कितीही गयावया केली तरी. ती ठोकून झाली तसं तिने ती काढून टाकायचं वाक्यही लिहून आपल्याजवळ ठेवलं. एक ओळ. वेळ आली की हीच ओळ मारायची. ती वेळ कशी असेल हे तिने अंघोळ करताना, ट्रोट्रोच्या मिनीबसमध्ये बसल्यावर, कांदा चिरताना, किती वेळा रंगवलं असेल. ओफोसूला घाम फुटलाय, सगळे गोंधळलेत, आणि मग ती उठते.

चाचणीत काही अडलं नाही. ऑफिसातल्या तरुण लोकांची आणि ओफोसूच्या मित्रांची नावं टाकून बघितली. सगळी इस्पितळात जन्मलेली, सगळ्यांचे वार जुळले. संघाची जुनी यादी आत घालायची नव्हती. तिच्यातल्या निम्म्या बायका वारल्या होत्या किंवा परदेशी आबिजानला गेल्या होत्या, म्हणून प्रत्येकीने समक्ष येऊन आपलं नाव नव्याने घालावं असं मॅडम न्यार्कोंनीच ठरवलं होतं. दूफी मूग गिळून बसली. जेव्हा जेव्हा ओफोसू "ताई, तुमच्या बाजूने सगळं ठीक ना?" विचारायचा, तेव्हा ती मान डोलवायची आणि त्याच्या त्या पांढऱ्या दातांकडे बघायची.

सोहळा बान्तामाच्या सभागृहात मंगळवारी ठेवला. शनिवारी कुमासीत कुणी कुणाला बोलावत नाही, शनिवार मयतांच्या विधींचा. संघाच्या बायका एकाच छापाचं निळं-पिवळं कापड शिवून आल्या होत्या, आणि प्रत्येकीची शिलाई शेजारणीपेक्षा चढ असल्यामुळे सगळ्या एकमेकींच्या बाह्यांकडे बघत होत्या. दूफीला त्या क्षणी तिथे फार घरच्यासारखं वाटलं. समोर मोठा पडदा, शेजारी लॅपटॉप. ओफोसूच्या हातात माइक. त्याने बायकांना दोन मिनिटांत खिशात घातलं. एकीला तो म्हणाला, "मावशी, ही बाही शिवलीत की विमानाचा पंख?" सगळं सभागृह खदखदलं. दूफी भिंतीशी दुसरा लॅपटॉप मांडीवर घेऊन बसली होती. वोफा पहिल्या रांगेत, किल्ल्यांचा जुडगा पोटावर ठेवून.

पहिला मान अध्यक्षांचा. मॅडम न्यार्कोंनी चष्मा लावला, एका बोटाने आपली जन्मतारीख टाकली. पडद्यावर केंटेची किनार झळकली आणि मोठी अक्षरं उमटली: या, अफिया!

अफिया म्हणजे शुक्रवारची. मॅडमचं नाव अबेना. मंगळवारची अबेना.

"अफिया कोण?" मॅडमनी विचारलं.

"काही नाही मॅडम, तुम्ही नाव घाला," ओफोसू म्हणाला. त्यांनी नाव घातलं. खाली लाल अक्षरांत आलं: नाव आणि तारीख जुळत नाही, नोंद होणार नाही.

मागून कुणीतरी ओरडलं, "अगं अफिया! इतकी वर्षं अबेना म्हणून आमच्याकडून वाढदिवसाचा केक खाल्लास ना गं?"

दुसरी म्हणाली, "वय चोरलं असेल हिने! फुटबॉलवाले चोरतात तसं!"

हशा पिकला. मॅडमसुद्धा हसल्या, पण त्यांच्या कानशिलाची शीर उडत होती. दुसरी बाई आली, ती परत. तिसरी आली, तिलाही लाल अक्षरं. आता हसणं विरलं. एक म्हातारा शिंपी काठी आपटत उभा राहिला. "माझं नाव माझ्या आईने ठेवलं. हा डबा माझ्या आईला खोटारडी म्हणतो?"

"दोन मिनिटं द्या, दोनच मिनिटं," ओफोसू म्हणत होता. त्याच्या शर्टाची पाठ भिजली होती. तो शर्ट चुरगळलेला दूफीने आयुष्यात पहिल्यांदा पाहिला. गोड वाटलं तिला. उगाच कशाला खोटं सांगायचं, फार गोड वाटलं. ती उठली नाही. अजून थोडं, तिने मनाशी म्हटलं. अजून एकदोघी.

चौथ्या आल्या मामे पोकुआ, मामे म्हणजे आई. संघातल्या सगळ्यांत जुन्या. अर्ध्या सभागृहाला सुई धरायला त्यांनीच शिकवलं होतं. पडद्याने त्यांना दुसऱ्याच नावाने हाक मारली आणि मग आत घ्यायला नकार दिला. त्या भांडल्या नाहीत, हसल्याही नाहीत. ओफोसूला म्हणाल्या, "बरं बाळा. म्हणजे मी नाही यात." आणि दाराकडे चालू लागल्या. चाल अगदी दूफीच्या आईची, एका पायावर जास्त भार देऊन.

मॅडम न्यार्को गरजल्या, "वोफा! मामे पोकुआ ज्यात नाही त्यात आमच्यातलं कुणीच नाही. उचला हे सामान."

आता दूफी उठली. तिने ती एक ओळ मारली. बोटांकडे बघावंसुद्धा लागलं नाही. मग सरळ चालत गेली, ओफोसूच्या हातातून माइक घेतला आणि म्हणाली, "मामे, थांबा. तारीख मास्तरने दिली. नाव आईने दिलं. आजपासून हे यंत्र आईचं ऐकेल. या, तुम्हीच घाला तुमचं नाव."

हे वाक्य तिने अंघोळ करताना घोकलेलं होतं.

मामे पोकुआ परत आल्या. नाव घातलं. पडद्यावर हिरवं टिकचिन्ह आलं, आणि सभागृह फुटलं. बायका खुर्च्यांवर उभ्या राहिल्या. कुणीतरी पर्समधून पांढऱ्या पावडरचा डबा काढला, आणि जिंकलेल्या माणसाला माखतात तसं दूफीचा गळा, खांदे, डोकं, सगळं पांढरं करून टाकलं. मॅडम न्यार्कोंनी तिला मिठी मारली. "अशी मुलगी आहे तुमच्याकडे, आणि तुम्ही तिला भिंतीशी बसवता, वोफा?" टाळ्या थांबेनात. नऊ वर्षांच्या टाळ्या एकदम वाजत होत्या, आणि दूफी त्यांच्यात उभी राहून एकेक मोजून घेत होती.

वोफा लंगडत पुढे आले. त्यांनी काही बोलायच्या आधी ओफोसूच म्हणाला, "वोफा, आता कसला विचार करायचा? किल्ल्या ताईंच्याच. माझ्या हातात असत्या तर आज आपण सगळे रस्त्यावर असतो." वोफांनी तो जुडगा दूफीच्या पावडर लागलेल्या हातात ठेवला. "माझंच चुकलं गं," ते म्हणाले. "मला वरवरचंच दिसत होतं."

संध्याकाळी बायका जेवायला वळल्या. वोफांच्या पिकअपमध्ये तारा गुंडाळून भरताना दूफी आणि ओफोसू दोघंच होते. ओफोसू तार मनगटावर वेटोळत म्हणाला, "ताई, एक विचारू? मी ती अट सांगितली ना, तेव्हा तुम्ही तोंड उघडलं होतं. मी बघितलं होतं. काहीतरी बोलणार होतात."

दूफीच्या हातातली तार थांबली.

"मग वाटलं," तो म्हणाला, "काही वावगं असतं तर ताईंनी सांगितलंच असतं. म्हणून मी परत विचारलं नाही. माझाच आळस. तुम्हाला तेव्हाच शंका आली होती का?"

तो तिच्याकडे बघत होता. त्या बघण्यात टोमणा नव्हता. तिने सापडतो का म्हणून नीट शोधला.

"नाही रे," दूफी म्हणाली. "तेव्हा काही सुचलंच नाही. तिथे गेल्यावर लक्षात आलं."

"तेच म्हणतो मी," ओफोसू लगेच म्हणाला, आणि मनापासून हसला. "उभ्या उभ्या सुचलं तुम्हाला! मला दहा जन्म लागले असते. थांबा, तुमच्यासाठी पाणी आणतो, पावडर डोळ्यात जाईल."

तो सभागृहाकडे पळत गेला. त्याला खरंच वाटलं होतं ते. एका क्षणाचाही संशय न घेता त्याने तिच्यावर विश्वास ठेवला होता, आणि आता तो तिच्यासाठी पाणी आणायला धावत होता, हरलेला, किल्ल्या गेलेल्या, आणि शीळ घालत. दूफी पिकअपला टेकून उभी राहिली. खुर्ची तिची होती, टाळ्या तिच्या होत्या, किल्ल्या तिच्या मुठीत होत्या. आणि आजवर तिला त्याचा इतका हेवा कधीच वाटला नव्हता.